मालकीणबाईंसाठी बंद पाकीट

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आधी नमस्कार, मग कान धरून उठाबशा. मी ठणठणीत आहे, वजनाचं तेवढं विचारू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी बरे आहेत ना?

हे पत्र तू भाड्याने द्यायला ठेवलेल्या घराचे मॅनेजर पाठवतील. तुझा आत्ताचा पत्ता काही देईनात. "मालकांचे पत्ते मी सख्ख्या भावालाही देत नाही." मी म्हटलं, अहो, मी तिची सख्खी बहीणच आहे! त्यांना थाप वाटली. शेवटी बंद पाकीट पुढे धाडायला कबूल झाले.

त्यांच्याकडे गेले होते कामासाठी. मोडकळीला आलेली, भाडेकरू न टिकणारी घरं हुडकायची, मॅनेजरांशी गोड बोलून कंटाळलेल्या मालकांपर्यंत पोचायचं आणि घर आमच्या कंपनीला स्वस्तात मिळवून द्यायचं, हा माझा सध्याचा उद्योग. नाक मुरडू नकोस.

एक घर दाखवताना हे मॅनेजर कुरकुरायला लागले. "छत गळतंय, ते एक वेळ करून घेऊ. पण दिव्यांची बटणं बघा, कमरेच्याही खाली! लहान पोरं असलेले लोक दारातूनच परत जातात. मालकीणबाई ती वर घेऊ देत नाहीत. म्हणून वर्षभर रिकामं."

ताई, मी तिथेच फरशीवर बसले. तू कळवलं होतंस ना, चाकाच्या खुर्चीतून ढब्बूचा हात पुरावा म्हणून भावोजींनी बटणं खाली घेतली, दिवसभर दिवे लावतो नि विझवतो, मावशीला दाखवायचंय म्हणतो, ये. मी नोकरीचं कारण सांगितलं. खोटं होतं गं ते. त्याला तसं बघायची माझी छाती झाली नाही. मग तो गेला आणि तुला तोंड दाखवायची लाज वाटली. सहा वर्षं!

बसल्या बसल्या एक बटण दाबलं. वीज तोडलेली, दिवा कुठला लागतोय! मी रडत सुटले. मॅनेजर बिचारे पाणी आणायला धावले.

ऑफिसात सांगून टाकलंय, या घराचं काम मी करणार नाही. दुसरं कुणी स्वस्तात मागायला आलं तर सही करू नकोस. विकायचं की ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. छतासाठी माणूस मी आणते. बटणांना कुणी हात लावणार नाही, मी उभी राहीन तिथे.

राग असेल तर तो मॅनेजरांकडून कळवू नकोस. मला समोर बसवून बोल, हवं तेवढं बोल. मी उठून जाणार नाही.

ढब्बूची उशिरा आलेली मावशी,
चिमी