आगाऊ माफीचे चार साबण

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घातलाय, कारण गेल्या आठवड्यात कमरेत उसण भरली, पण भावना आडवी समज.) तुझा गुडघा काय म्हणतो, भाऊजींचं रक्तदाब-पुराण कुठल्या अध्यायापर्यंत आलं, ते सविस्तर कळव. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर परवापासून माझ्या डोक्याची भट्टी झालीय, आणि तिच्यात सरपण घालणारा माणूस या क्षणी समोर बसून माझ्याच चपला पुसतोय.

परवा सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. हा गृहस्थ एरवी मान हलवण्यापलीकडे जात नाही (दिवसभर लोकांची तोंडं उघडायची, म्हणून येताजाता स्वतःचं मिटून घेत असावा). त्या दिवशी चक्क हसला. म्हणाला, "साबण छान होता हो. ताई येताहेत ना? आम्ही तयारीत आहोत!"

कसला साबण? कसली तयारी? चार मजले उतरेपर्यंत मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. रविवारी मी कामावर असताना नवरा नावाचा आमचा मौनीबाबा त्याच्या दारात गेला, कमरेत वाकला, कागदात गुंडाळलेली एक साबणाची वडी पुढे केली आणि म्हणाला, "एकवीस तारखेला ताई येतील, तेव्हापासून आमच्या घरात आवाज होईल. आधीच माफी मागतो."

ताई, आवाज म्हणजे तू आणि मी! जपानी माणसाशी लग्न करून सोळा वर्षं झाली, त्यामुळे पद्धत मला ठाऊक आहे. घरात भिंत फोडायची असेल तर ते लोक काम सुरू व्हायच्या आधीच शेजारीपाजारी लहानशी भेट देऊन माफी मागून येतात. उत्तम पद्धत आहे. पण ती यंत्रासाठी! या शहाण्याने ती आपल्या दोघींना लावली. चार घरं, चार साबण. आणि कागदाचे कोपरे असे दुमडलेले, की पट्टी लावून बघावेत.

त्या तिरमिरीत मी गाडी शिकवायला गेले. त्या वेळी निवृत्त ग्रंथपाल बाई शिकायला येतात, स्वभावाने अगदी गरीब. मी 'ब्रेक!' म्हणाले (म्हणाले म्हणजे काय ते तुला माहीत आहे), तर बाईंनी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "आधी तुम्ही शांत व्हा, मग मी वळवते."

घरी येऊन भांडायला उभी राहिले. त्याच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं. "माझ्या बहिणीपायी दारोदार माफी मागायला तुला सांगितलं कुणी?" तर म्हणे, "कुणी नाही." "आम्ही काय भिंत फोडणार आहोत?" यावर त्याने खरोखर विचार केला (हाच तर संताप!) आणि म्हणाला, "थोडीशी." मग चपला पुसायला घेतल्या. पियानोचे सूर जुळवणारा माणूस आहे. मी शिंकले तरी कुठल्या पट्टीत ते त्याला कळतं, पण मी चिडलेय हे कळायला चपला घासाव्या लागतात. आपल्याकडे कसं, आधी कडाक्याचं भांडायचं, मग दोन दिवस अबोला धरायचा, मग कुणीतरी न विचारता चहाचा कप पुढे सरकवायचा, की झाली माफी. हा माणूस कप आधीच सरकवून ठेवतो. मग भांडायचं कशावर?

शेवटी मी साबण परत आणायला निघाले. पहिलं दार खालच्या शिवणकामवाल्या बाईंचं. आमच्याकडे चमचा पडला तरी या छताला झाडूचा दांडा ठोकतात. "द्या तो साबण," मी म्हटलं. तर म्हणाल्या, "अगं, निम्मा झिजला की! बस आधी." आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढत त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे मौनीबाबा जरा जास्त बोलला होता. म्हणाला, सासूबाई (म्हणजे आपली आई) गेल्यापासून दोघी बहिणी धड बोललेल्या नाहीत. मोठी येतेय. आधी जोरात भांडतील, मग जोरात हसतील. कृपा करून मध्येच दांडा ठोकू नका. भांडण अर्धवट राहिलं तर हसण्यापर्यंत पोचणार नाहीत.

मी साबण न घेताच जिना चढून आले. राग आहे तसाच आहे, फक्त आता कुणाच्या नावाने ठेवावा ते कळेना. मग आठवलं. तुझ्याच!

आईचं कपाट तू एका दुपारीत रिकामं केलंस. तिची चष्म्याची डबीसुद्धा टाकलीस, झाकणाला रबर लावलेली. मी फोनवर ओरडले, तर तू म्हणालीस, "तेव्हा कुठे होतीस?" अकरा महिने हे वाक्य माझ्याजवळ आहे, ताई. गाडी शिकवताना, भाजी निवडताना, सतत. याला उत्तर आहे, पण ते फोनवर मावत नाही.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी,
(अजून रागावलेली) धाकटी

ता. क. एकवीस तारखेच्या बोलावण्यावर 'बघू, जमलं तर येईन' हा तुझा निरोप मिळाला. ते चालणार नाही. अख्खी इमारत हात धुऊन बसलीय.

ता. क. दुसरा. गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस. लिफ्ट आहे. ताकद भांडायला राखून ठेव. सुरुवात मी करीन, त्या वाक्यापासून.

ता. क. तिसरा. पत्रासोबतच्या पुडक्यात एक साबण आहे. तो त्याने ठेवलेला नाही. कागदाचे कोपरे वाकडे आहेत, त्यावरून ओळखशीलच.