उंदीरखान्यातलं पीठ

३ जुलै १९७८, नाशिक
लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. आळस, दुसरं काय. मनमाडला रेल्वेत चिकटणार होतो, ते सोडून इथे नाशकात द्वारका चौकात उतरलो आणि चहा पितापिताच नोकरी लागली. वेणीमाधव डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचे. पांढरे, लाल डोळ्यांचे, देखणे. जोडीला सुरगाण्याचा म्हातारा सहादू. जनावराला घालायचं ते आधी आपण चाखायचं, ही त्याच्या घरची रीत. म्हणतो, आपल्याला नाय गेलं ते मुक्याला कसं जाईल? मीही उंदरांच्या पिठाच्या गोळ्याची चिमूट तोंडात टाकतो. बरी लागते. द्वारकेची भजी त्याहून बरी.

९ जुलै
डॉक्टर उंदरांना विष टोचतात, मग झटके येतात. पिल्लं जास्त तडफडतात, पण दुसऱ्या दिवशी आईला बरोब्बर हुडकतात. मोठे जगले तरी आतून पुसले जातात. एक मादी स्वतःची पिल्लं हुंगून पाठ फिरवून बसली. डॉक्टर म्हणाले, वय वाढतं तशी मेंदूची इजा खोल जाते. तिच्याकडे बघवत नाही.

१४ जुलै
सहादूला फेफरं आलं. शुद्धीवर आला तो मलाच विचारतो, तू कोणाचा रं? मग उलगडा झाला. सोमवारपासून विष सुईऐवजी पिठात कालवलंय. आम्ही चाखतो हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. खात तर मीही होतो.

१६ जुलै
हात आपोआप उडाला. घाबरलो नाही. माझं वय बावीस, म्हणजे पिल्लांसारखं कोवळंच. तसं म्हटल्यावर डॉक्टरांनी मान खाली घातली. पिल्लू म्हणजे डोळे न उघडलेलं, म्हणाले. तू पुरता वाढलेला. दवाखान्यात चल म्हणाले. उद्या जाऊ, म्हटलं.

१९ जुलै
सहादूला गावी नेलं. तरी आज प्रत्येक गोळ्याची चिमूट मोडलेली. सगळे उंदीर माझ्याकडे— मग माझ्याच बोटांना लागलेलं पीठ दिसलं. मी कधी—

२१
फरशीवर जागा झालो. जीभ चावलेली. मागची पानं वाचली. अक्षर माझंच. पण सहादू म्हणजे—

तारीख विचारायला हवी
दारात एक बाई आलीय. डबा उघडतेय. म्हणते, मी तुझी आई, मनमाडहून आले. कालही आले होते म्हणते. रडतेय. म्हणते, तूच म्हणालास, उद्या या बाई, तोवर आठवून—