पाचव्या निकषाला शून्य

गुरुवार, २६ तारीख

प्रिय टिंगे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पेन उचललं. गुडघा कसा आहे? जिना टाळतेस ना? माझं बरं चाललंय. ग्रंथालयाची खिडकी एकदाची दुरुस्त झाली, आता टेबलावरचे कागद उडत नाहीत.

खरं सांगायचं तर बरं चाललेलं नाही.

तुझं दोन ओळींचं पत्र काल संशोधन समितीकडे आलं. "प्रकल्प बंद करत आहे. सोमवारी सर्व ध्वनिमुद्रणे पुसून टाकीन." कारकुनाने ते माझ्यासमोर फाइलला लावलं आणि म्हणाला, "चला, एक कमी झाला."

संमतिपत्रात तसंच आहे, मला माहीत आहे. प्रकल्प संपला की आवाज पुसायचे. पण प्रकल्प संपायचं कारणच काय होतं? समितीने परत पाठवलेला आराखडा सुधारून द्यायचा, एवढंच. सगळेच देतात. तूही देशील असं मी धरून चालले होते.

तू हसायचीस ना, "माहिती कशी सांभाळणार याचा आराखडा, त्या आराखड्याला गुण द्यायला तक्ता, उद्या तक्त्यालाही तक्ता लागेल गं लंबू." मी मात्र दीड वर्ष त्या तक्त्यात डोकं घालून बसले होते. आठ निकष, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एका जरी निकषाला शून्य पडलं तर आराखडा परत. हा नियमही माझाच.

शाळेत मदर निबंध तपासताना समासाला दोन गुण द्यायच्या, आठवतं? तुझा निबंध ऐकून वर्ग रडायचा आणि समास सोडला नाही म्हणून तुला माझ्याहून कमी गुण. मधल्या सुट्टीत मी माझा डबा तुझ्यापुढे सरकवायचे. तेव्हा समासाचा इतका राग यायचा मला. आणि आता समास मीच मोजते.

तुला वाटत असेल, गुण समितीने दिले. तसं नाही, टिंगे. तक्ता कसाला लावायचा म्हणून दोघांनी वेगवेगळं बसून तेच आराखडे तपासायचे होते. आकडे जुळले तर तक्ता भरवशाचा. दुसरे होते ते संख्याशास्त्रवाले सर. एकोणीस आराखडे जुळले. विसावा तुझा. पाचवा निकष, साठवण. तू लिहिलं होतंस, "सर्व मुद्रणे एका डिस्कवर, माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे."

सरांनी एक दिला होता. मी शून्य.

ते म्हणाले, "बाई, शून्य कसं? काहीतरी ठेवलंय ना बिचारीने. कुलूपसुद्धा आहे."

"दुसरी प्रत कुठाय? आकडे जुळायला हवेत, सर."

"मग तुम्ही एक द्या."

"तक्ता मी केलाय," मी म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि एक खोडला. माझे वीसच्या वीस जुळले. त्या दिवशी मी खुशीत घरी गेले. हे तुला सांगायची माझी हिंमत नव्हती.

आणखी एक आहे. इतकं लिहूनही तेच टाळतेय.

घशाच्या शस्त्रक्रियेआधी तू टिपलेल्या रुग्णांच्या दोनशे अकरा आवाजांत ह्यांचा आवाज आहे. त्यानंतर ते चार वर्षं पाटीवर लिहून बोलले आणि गेले. आमच्या घरी त्यांचा आवाज कुठेच नाही. एका लग्नाच्या फितीत ओठ हलताना दिसतात, वर बँड वाजतोय. तुझ्याकडे त्यांनी एक ते वीस आकडे म्हटले, उतारा वाचला आणि शेवटी दोन मिनिटं मनाला येईल ते बोलले. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "ते टिंगीच्या अभ्यासासाठी." मला वाटलं, सावकाश ऐकू.

काल संध्याकाळी तुझ्या खोलीशी गेले होते. खोल्या-कपाटांच्या जोडकिल्ल्या ग्रंथालयातच असतात. कुलपात किल्ली फिरवलीसुद्धा. मग संमतिपत्रावरची त्यांची सही आठवली. त्यांनी तुला परवानगी दिली होती, मला नाही. कुलूप लावून परत आले.

सोबत तुझा आराखडा आहे. पाचवा निकष मी भरलाय: तीन प्रती, तीन ठिकाणी, जबाबदार माणसांच्या नावांसकट. सही तेवढी तुझी. शून्य कसं पडलं तेही समितीला लिहून दिलंय. मला काढतील, काढू देत.

मी हे तुझ्या कामासाठी करतेय असं लिहिणार होते. तसं नाही, माझ्यासाठी करतेय. पण त्या दोनशे दहा घरांतही कुणी असेलच गं, सावकाश ऐकू म्हणणारं.

सोमवारी सकाळी तुझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसेन. बोलू नकोस हवं तर. फक्त सही कर. मला माफ कर असं लिहीत नाही, त्याला सोमवारनंतरही वेळ आहे.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
लंबू