फक्त प्रौढांसाठी जहाज

इस्लामपूर,
दि. २९ एप्रिल २०२४

चि. ऋषिराज यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनात काय आहे ते पुढं वाचशीलच.

आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचे कान जसे होते तसेच. पेरूला यंदा बहर कमी. झाली खुशाली.

नऊ दिवस मी तुझा फोन उचलला नाही, म्हणून तू शिवांजलीला फोन करायला लावलास. बायकोला पुढं करायची ही सवय कधी लागली तुला? फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस. चौतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. माझं वाक्य तोडायची हिंमत तेवढी तुझी. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून पत्र लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

आधी जहाजाचं सांगते.

तुला वाटतं, मोठ्या आईनं कुठंतरी चित्र बघितलं आणि हट्ट धरला. अरे, दोन महिने मी ते काम करत होते. सांगलीच्या ज्या पर्यटन कचेरीत आम्रपाली आहे, तिथं चार वेळा एसटीनं जाऊन आले. आम्रपाली आठवते ना? तुझ्यामागून दोन वर्षांनी माझ्याच वर्गात होती. तिच्या टेबलासमोर वही उघडून बसायचे आणि एकेक जहाज समजून घ्यायचे. एका जहाजावर पाच हजार माणसं, पाण्याच्या घसरगुंड्या, पोरांसाठी तीन हौद. ते नको म्हटलं. दुसऱ्यावर सकाळपासून डीजे आणि संध्याकाळी गरबा. तेही नको. तिसरं लहान, सहाशे माणसांचं, ग्रीसच्या बेटांवरून फिरणारं. अठरा वर्षांखालच्या कोणालाही त्यावर घेत नाहीत. वाचनालय आहे, डेकवर आरामखुर्च्या आहेत आणि दुपारी दोन तास सूचनांचा कर्णा बंद.

मी तिला विचारलं, खोली लिफ्टपासून किती लांब आहे? आमच्या डोक्यावर काय येतं, स्वयंपाकघर की नाचायची जागा? कर्णा खोलीत ऐकू येतो का? जेवायला सगळ्यांनी एकदम जायचं की आपल्या वेळेनं? ती हसायला लागली. म्हणाली, "बाई, असलं कुणी इचारतच न्हाई. लोकं इचारत्यात बुफेत काय काय असतंय."

हे सगळं कशासाठी, ते तुला माहीत आहे. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानात सतत शिट्टी वाजत असते. तुम्ही सुट्टीला आलात की वीरधवल आणि धाकटी घर डोक्यावर घेतात. घेऊ देत, पोरंच ती. पण तेव्हा तुझे मोठे आबा पेपर घेऊन पेरूखाली का जाऊन बसतात, हे तुझ्या कधी डोक्यात आलं नाही. त्यांना पेरूचा लळा आहे असं तुला वाटतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. त्यातली निम्मी ते सरहद्दीवर आणि मी शाळेत. दहा दिवस शांत पाणी बघत दोघांनी बसावं, एवढंच मागितलं होतं मी. तेही तुझ्याकडं नव्हतं मागितलं.

आता यात्रेचं.

आम्रपालीनं माझ्यासाठी सगळी माहिती मराठीत छापून दिली होती. बिचारीनं सरळ भाषांतर केलं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, "फक्त प्रौढांसाठी जहाज". तो कागद माझ्या पिशवीत होता. यात्रेच्या दिवशी गावाकडं अंगणात पंगत बसली होती, सगळी भावकी जमलेली, आणि पान-सुपारी शोधता शोधता केरबा भाऊजींच्या हाताला तो लागला. तुझ्या वडिलांचा आवाज मुळातच मोठा. त्यांनी उभं राहून वाचला.

"आवं वयनी, ह्ये काय वो? फक्त प्रौढांसाठी? ह्या वयात आमच्या दादाला कुठं घिऊन निघालाय?"

सगळं अंगण हसलं. आमच्या पिढीला त्या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक. तंबूतल्या सिनेमाच्या दारावर ती पाटी लागली की शहाणी माणसं रस्ता बदलायची. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हे खाली मान घालून भाकरी कुस्करत बसले. सुभेदार माणूस, कुणापुढं मान खाली न घातलेला.

आणि तूही हसत होतास, ऋषी. तुला इंग्रजी येतं, तू चार देश फिरलायस. "अण्णा, तसं नाही, लहान मुलांना घेत नाहीत एवढाच अर्थ आहे," एवढं एक वाक्य तू बोलायचं होतंस. एकच. तू वाढप्याला रस्सा आणायला सांगितलास.

तुला आणखी एक गंमत सांगते, तुझ्या वडिलांनी तुला ती कधी सांगितली नसणार. साक्षरता मोहिमेच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी गावच्या चावडीत वर्ग घेतला होता. आजूबाजूची पोरं आत घुसून कालवा करायची, म्हणून दारावर खडूनं मीच लिहिलं होतं, "फक्त प्रौढांसाठी". भाऊजी त्या वर्गात पहिल्या रांगेत बसायचे. अक्षरं जुळवून जुळवून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जे वाचलं ते त्या दारावरचं. वाचता आलं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलंय. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. तीच अक्षरं परवा त्यांनी मलाच वाचून दाखवली.

त्यांना मी माफ करीन. त्यांनी जेवढं वाचलं तेवढंच त्यांना कळलं.

तू काय केलंस? पंगत उठल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "मोठी आई, तू काळजी करू नको, मी बघतो सगळं." मला वाटलं, उशिरा का होईना, पोराला लाज वाटली. आम्रपालीचा नंबर मी स्वतः दिला तुला. चौथ्या दिवशी तिचाच फोन. "बाई, तुमी दिवाळीत जायचं ठरीवलं व्हय? आन् मोठ्या जहाजावर?" तू माझ्या नावाची खोली सोडून टाकली होतीस. घसरगुंड्यांच्या जहाजावर शेजारशेजारच्या दोन खोल्या धरल्या होत्यास, मधे दार असलेल्या. एक तुम्हा दोघांची. दुसरी आमची आणि पोरांची. तिला म्हणालास म्हणे, "मुलं आजीजवळ झोपतील, तिला सवय आहे." आम्हाला जरा निवांत मिळेल, असंही म्हणालास. निवांत मी शोधला आणि घेतलास तू!

म्हणून मी फोन केला. त्या फोनवर तू जे बोललास ते मी लिहिणार नाही.

नाही कसं? लिहितेच. नऊ दिवस तेच वाक्य घेऊन भांडी घासतेय. मी म्हटलं, मला पोरं नसलेलं जहाज हवं होतं. तू म्हणालास, "स्वतःची असती तर असं म्हणाली नसतीस."

घाईत बोललास, ऑफिसात होतास, डोकं तापलं होतं. सगळं मान्य. पण ते वाक्य त्या क्षणी तयार झालेलं नव्हतं. ते तुझ्याजवळ आधीपासून होतं.

तर आता ऐक. ही गोष्ट हे आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. तुझ्या आजीला होती, ती गेली.

१९९३ च्या उन्हाळ्यात मिरजेच्या एका संस्थेत आमचं नाव लागलं होतं. आठ महिन्यांची मुलगी होती. मी दोनदा जाऊन तिला मांडीवर घेतलं होतं. हे राजस्थानातून रजा काढून सह्या करून गेले. नाव ठरलं होतं, ते मी तुला सांगणार नाही. पंधरा जूनला तिला आणायचं होतं. तेरा जूनला भाऊजींनी तुला पत्र्याच्या ट्रंकेसकट दारात आणून सोडलं. गावातली शाळा धड नव्हती, तुझ्या आईच्या पदरात तान्हं होतं, आणि तू सहा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला, अंगावर गोवर उठला. त्या घरात तान्ही पोर कशी आणायची? महिनाभर थांबा म्हणून मी संस्थेला कळवलं. तेवढ्यात तुझी आजी तुला बघायला आली. कागद तिच्या नजरेला पडले. म्हणाली, "घरातलं पोर दिलंय की तुला. आता परक्याचं कशापायी आणतीस?" तू तेव्हा माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपला होतास. सोडवलं तर रडायचास. पुढच्या आठवड्यात मी मिरजेला नको म्हणून कळवलं. आजीनं सांगितलं म्हणून नव्हे. त्या मुठीमुळं.

तुझ्यावर उपकार केले असं मला म्हणायचं नाही. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण पोराच्या डोक्यावर असलं ओझं ठेवू नये. आज ठेवतेय. रागावलेय म्हणून ठेवतेय, उगाच मोठेपणा नको. मी रोज जिला "स्वतःची" म्हटलं असतं ती आज एकतीस वर्षांची बाई असेल, कुठंतरी. आणि जो होता त्याला मी स्वतःचाच धरून चालले. तो नाही, हे तुझ्या फोनवर कळलं.

शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात तू मला "मोठी आई" म्हणून हाक मारलीस, सगळी पोरं हसली. मी सांगितलं, शाळेत बाई म्हणायचं, घरी मोठी आई. तू बराच विचार केलास. सुटल्यावर विचारलंस, "मग रस्त्यात काय म्हनू?" मी म्हटलं, रस्त्यात काही म्हणू नको, नुसता हात धर. पाचवीपर्यंत धरायचास.

गेल्या शुक्रवारी मी सांगलीला गेले. दिवाळीच्या जहाजावरून आमच्या दोघांची नावं काढली. तुम्ही चौघं जा, पोरांना घसरगुंडी आवडेल, त्यात वाईट काही नाही. आमची लहान जहाजावरची खोली आम्रपालीनं पुन्हा धरून दिली. सप्टेंबरात निघतोय. मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांब, डोक्यावर नुसतं आकाश. हे नको नको म्हणत होते. "क्रांती, पोरगं दुखावलं जाईल, जाऊ दे की. कानाचं काय, तोफखान्याचं कान हायेत माझं, सोसत्यात." मी म्हटलं, माझं नाव माझ्या वडिलांनी काही उगाच ठेवलेलं नाही. मग गुपचूप उठून जुना ब्लेझर उन्हात घातला त्यांनी.

फॉर्म भरताना एक रकाना आला. अडचण आली तर कोणाला कळवायचं? तुझं नाव लिहिलं. नंबर लिहिला, पाठ आहे. पुढचा रकाना नात्याचा. दवाखान्यात, पेन्शनच्या कागदावर, जिथं जिथं हा रकाना आला तिथं तीस वर्षं मी न थांबता "मुलगा" लिहीत आलेय. त्या दिवशी लिहिता येईना. आम्रपाली म्हणाली, "बाई, मी लिवू का? मुलगाच की." मी म्हटलं, राहू दे.

रकाना कोरा आहे. पंधरा मेपर्यंत भरून द्यायचाय. तिथं काय लिहायचं ते सांगलीला जाऊन तू तुझ्या हातानं लिहून ये. फोनवर सांगू नकोस, शिवांजलीला पाठवू नकोस, आणि काय लिहिलंस ते मला कळवू नकोस. मी जहाजावर चढताना वाचीन.

पोरांना पापा. त्यांच्यावर माझा राग नाही, कधी नव्हता.

आपण सध्या रस्त्यात आहोत, ऋषी. मला काही म्हणू नकोस. आणि हातही इतक्यात पुढं करू नकोस.

क्रांती नानासो जगदाळे