थेट सरपंच

बाबा, उद्या ग्रामसभेत माझ्यावरच्या अविश्वास ठरावाचं मतदान आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ठराव पास केलाच आहे, पण मी गावानं थेट निवडलेला सरपंच, म्हणून मला काढायलाही गावाचीच चिठ्ठी लागते.

तुम्ही सदस्य होतात तेव्हा सरपंच सदस्यांतूनच निवडला जायचा. अविश्वासाची कुणकुण लागली की सरपंचाची जीप यायची आणि सदस्य सहलीला जायचे. घाटंजीच्या बाजाराला म्हणून निघालेले तुम्ही एकदा थेट मतदानाच्या सकाळीच त्या जीपमधून उतरलात, अंगात कुणाचा तरी शर्ट. आई चुलीपुढून म्हणाली, "कोंडून ठेवलं होतं का हौसेनं राह्यले?" तुम्ही हसलात. "कोंडते, कारण भेते आपल्याले."

मला लाज वाटली होती. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो. तुम्ही जेवायला बसलात आणि मी सुरू झालो, की अमेरिकेत लोक अध्यक्ष निवडतात, मग चार वर्षं त्याला कोणी हलवत नाही. आपल्याकडे खासदार फुटले की पंतप्रधान घरी. देशाला असाच एक खमक्या माणूस पाहिजे. तुम्ही घास हातातच ठेवून विचारलंत, "अन् बेकार निघाला तं? चार वर्षं त्याच्या तोंडाकडे पाहत बसाचं काय? इथं सरपंचाले सदस्याले निदान विचारा तं लागते." मी ताट सरकवून उठलो, तर म्हणालात, "बस खाली. समोरच्याचं ऐकून तं घे."

निवडून आलो तेव्हा वाटलं, माझंच खरं ठरलं. टाकी कुठे बांधायची, गटार कुठून काढायचं, मी एकट्यानं ठरवलं. गावानं मला निवडलंय, सदस्यांना कायले विचारू? ते बोलले की वाटायचं पाडायला निघालेत, गप्प बसले की वाटायचं काहीतरी शिजतंय. आता तर कुणाचाच भरवसा वाटत नाही. चुलतभाऊ दोनदा चहाला येऊन गेला, दोन्ही वेळा उद्याचा विषय सोडून सगळं बोलला. बायको म्हणते काळजी नका करू, आणि मला तिच्या काळजी न करण्याचाच संशय येतो.

दुपारी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या चिठ्ठी कोणीकडं टाकशीन?"

"गुप्त असते म्हणते नं ते."

"मलेही नाही सांगत?"

"टाकी बांधताना तू मले विचारलं होतं का? तितक्या दुरून पाणी आणता आणता माये गुडघे गेले."

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. तुम्ही आता या जगात नाही, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून लिहितो. आईचे गुडघे खरंच दुखतात, उन्हाचं तिला सभेला न्यावं कशाला, असं दुपारपासून माझ्या मनात आहे.