नयनाच्या कॉलेजचा तक्ता

३ जानेवारी १९८६, शुक्रवार
संकल्प: नयनाचे कॉलेज ३१ मार्चपर्यंत फायनल. डॉक्टर व्हावंसं वाटतंय म्हणते. थेट मेडिकल मिळाले तर उत्तम, नाही तर आधी बीएस्सी. मी प्लॅनिंग इंजिनिअर. इथे कतारला, दोह्यात अडीचशे घरांची कॉलनी वेळेत उभी केली (साधारण वेळेत). एका पोरीचे कॉलेज म्हणजे काय!

७ फेब्रुवारी
पुण्या-मुंबईच्या अकरा कॉलेजांना प्रॉस्पेक्टससाठी पत्रे. आली दोन. एकात नुसते होस्टेलचे नियम.
तक्ता सुरू. लॅब, होस्टेल, मेस, स्टेशनपासून अंतर. रकाना १७: नयनाचे मत. रिकामा. तिला वेळच नसतो.

२१ मार्च
तक्ता मोठ्या कागदावर काढून हॉलमध्ये लावला. खाली बारावी ते एमडी, प्रत्येक टप्प्याची एक आडवी पट्टी, म्हणजे बार, १९९७ पर्यंत. शोकेस झाकली गेली म्हणून बायकोची, शशिकलाची कुरकुर. नयना इंग्रजीत 'नाइस' म्हणाली. ती घरातही इंग्रजीतच उत्तर देते. हुरूप आला.

४ एप्रिल
३१ मार्च हुकली. दोष कॉलेजांचा. नवी तारीख ३० एप्रिल.
शशिकलाने दोन-तीन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. रजेचे कागद असणार. मेसच्या रकान्यात होतो, वाचले नाहीत.
निवृत्ती नावाचा कंपनीचा ड्रायव्हर सुट्टीवर सिन्नरला निघालाय. चहाला आला. तक्ता बघून म्हणाला, सायब, एवढी मोठी बिल्डिंग कुठं बांधायचीय? समजावले. शशिकलाने त्याच्या हाती नाशिकला भावासाठी पाकीट दिले. टपालापेक्षा लवकर पोचते.

१२ मे, सोमवार
रमझान. ऑफिस दोनला खलास. रोज दुपारी तक्ता. आज झोप लागली.

१३ मे
झोप लागली.

३० मे
नयनाला बारावीला ८४ टक्के! पेढे वाटले. ऑफिसातल्या हमीदभाईंनी विचारले, कहाँ भेजोगे? म्हटले, इन्शाल्ला, ठरेल. आता मार्कांचा रकाना नव्याने करावा लागणार. शशिकला म्हणाली, तुम्हाला तिला पाठवायचंच नाहीये. काहीतरीच. तिच्यासाठीच तर चाललंय. मला मुळीच काही वाटले नाही.

१० जून
नाशिकहून पत्र. नयनाला बीएस्सीला प्रवेश मिळाला.
अर्ज एप्रिलमध्येच गेला होता, मार्क मागून तारेने. निवृत्ती ड्रायव्हरच्या हाती दिलेल्या पाकिटातून. पालकाची सही: माझी. नीट, वळणदार.
नाशिक तक्त्यात नाहीच. नयनाला विचारले, हेच का? म्हणाली, मामाकडून चालत जाता येतं. मेडिकलचं पुढच्या वर्षी बघीन. आणि बाबा, तुम्ही ठरवलंच नसतंत.
हे सगळे मराठीत बोलली. मी रागावलो नाही. काहीच झालो नाही.

१९ जून, गुरुवार
दोघींना एअरपोर्टवर सोडले. शशिकला तिला पोचवून ऑगस्टमध्ये परत येईल. नयनाने आत जाताना हात केला. मी ट्रॉली जागेवर ठेवत होतो.
अल मुंतझा भागातल्या घरी आलो. एसी लावला. दोन डबे भाजी फ्रीजमध्ये आहे, पैकी एकावर नयनाच्या अक्षरात 'फ्रायडे' लिहिले आहे. भूक नाही.
तक्ता पाहिला. एकूण ६३ बार. नयना घरातून जाते, हा बार टाकायचाच राहिला. रकाना १७ रिकामा.
पेन्सिलला टोक केले. नाशिकच्या कॉलेजला पत्र लिहिले. प्रॉस्पेक्टस मागवले.