बाबांच्या खोलीतली ऊब

बोहदान,

बीटच्या बोर्श सुपाचं पातेलं शेगडीवर आहे, गरम करून घे. मी यॉर्कटनला स्टेफ्का मावशीकडे चाललेय. फोन करू नकोस.

प्रांताच्या सरकारनं घर तापवायच्या गॅसवरचा कर काढून टाकला, रेडिओवर ऐकलंस ना? "रिकामी खोली कशाला तापवायची? कर काय मेलेले बाबा भरणार?" हे तुझं पालुपद संपलं. म्हणून सकाळी त्यांच्या खोलीतली, गरम हवा येते ती जमिनीवरची जाळी मी उघडली. हवा आली, आणि तिच्यामागोमाग त्यांच्या तंबाखूचा वास. दुपारी बघते तर त्यांची खुर्ची खिडकीपासून सरकून थेट जाळीपाशी आलेली. मी हातसुद्धा लावला नव्हता रे.

ते होते तेव्हाही ती जाळी बंदच असायची. तेव्हा खोली रिकामी नव्हती. जाऊ दे, मी काही बोलत नाही.

जाळी मात्र लावू नकोस. आणि त्या खुर्चीत बसायची वेळ आलीच, तर आधी फुंकर मार. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपली आजी मारायची ना, घरी आलेल्या मेलेल्या माणसाच्या मांडीवर बसायला नको म्हणून, तशी.

पण हळू मार. ते आधीच गारठलेत.

ओलेसिया